डेट्रॉइटची तेरावी जागा

(पडद्यावर: सकाळची डेट्रॉइट नदी. पलीकडच्या काठावर कॅनडा.)

१९५५चा जानेवारी. चार्ल्स डिग्ज नावाचा बत्तीस वर्षांचा तरुण वॉशिंग्टनमध्ये खासदारकीची शपथ घेतोय. मिशिगन राज्यातून अमेरिकेच्या काँग्रेसवर गेलेला हा पहिला कृष्णवर्णीय माणूस. पुढच्याच महिन्यात, २२ फेब्रुवारीला, बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीत एका मराठी घरात मुलगा जन्माला येतो. त्याचं नाव श्री. श्री ठाणेदार.

या दोन घटनांची गाठ पडायला ६७ वर्षं लागली.

काँग्रेस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पक्ष येतो. अमेरिकेत काँग्रेस म्हणजे संसद. तिच्या खालच्या सभागृहात ४३५ जागा आहेत आणि मुदत फक्त दोन वर्षांची. खासदार शपथ घेतो आणि पुढच्या निवडणुकीची वर्गणी गोळा करायला लागतो. मिशिगनच्या वाट्याला यातल्या १३ जागा आहेत. ३ नोव्हेंबर २०२६ला त्या सगळ्यांसाठी मतदान होणार आहे. आम्ही निघालोय त्यातल्या एकाच जागेकडे. तिचा क्रमांकही तेराच आहे.

(पडद्यावर: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

ही जागा डेट्रॉइटच्या लोकांना इतकी जवळची का, हे डिग्ज यांच्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. खासदार होऊन वर्षही झालं नव्हतं. मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. खटला उभा राहिला, तेव्हा डिग्ज तिथे जाऊन कोर्टात बसले. देशाच्या संसदेचा सदस्य, पण त्यांना जागा मिळाली ती कृष्णवर्णीय पत्रकारांसाठी वेगळ्या मांडलेल्या मेजापाशी. मिसिसिपी त्यांचा मतदारसंघ नव्हता. तरी ते गेले, कारण तिथल्या कृष्णवर्णीयांना स्वतःचा खासदारच नव्हता.

मग १९६४ साली डेट्रॉइटमधूनच जॉन कॉन्यर्स निवडून आले आणि पन्नासहून जास्त वर्षं राहिले. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स पुढे डेट्रॉइटला आल्या, तेव्हा कॉन्यर्स यांनी त्यांना आपल्या कार्यालयात नोकरी दिली. १९८८पर्यंत त्या तिथेच काम करत होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्यानंतर चारच दिवसांनी त्यांच्या नावाने राष्ट्रीय सुट्टी असावी म्हणून विधेयक मांडलं तेही कॉन्यर्स यांनीच. खासदारकी म्हणजे काय, हे या शहराने अशा माणसांकडून शिकलं.

(पडद्यावर: रिकामी घरं, बंद कारखान्याच्या फुटक्या खिडक्या. मग रंगवलेल्या भिंती, नवी दुकानं.)

दरम्यान शहर मात्र ओसरत गेलं. १९५०मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या होती साडेअठरा लाख. २०२०च्या जनगणनेत ती भरली ६ लाख ३९ हजार. मोटारींचे कारखाने हलले. ज्यांना जमलं ते उपनगरांत गेले. २०१३मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. मागे राहिलेल्यांत दहातले जवळजवळ आठ कृष्णवर्णीय.

लोकसंख्येचं वजन घटलं की जागाही जातात. सत्तरच्या दशकात काँग्रेसमध्ये मिशिगनच्या १९ जागा होत्या. दर जनगणनेनंतर एखाददुसरी गळत गेली. २०२०नंतर १४च्या १३ झाल्या. म्हणजे नकाशा नव्याने आखणं आलं. यावेळी तो राजकारण्यांनी आखला नाही. २०१८मध्ये मतदारांनीच कौल देऊन तेरा सामान्य नागरिकांचा आयोग नेमायला लावला होता: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण रेषा पुसून नव्या ओढल्या, तेव्हाही डेट्रॉइट दोन मतदारसंघांत विभागलेलंच राहिलं. शहराचा मोठा भाग तेराव्यात आला आणि त्याला जोडली गेली ग्रॉस पॉइंटची सधन वस्ती, हॅमट्रॅमक आणि नदीकाठाने खाली पसरलेली कामगारांची गावं. त्याच सुमाराला ब्रेंडा लॉरेन्स या कृष्णवर्णीय खासदारांनी निवृत्ती जाहीर केली. तोवर तेराव्याच्या खासदार असलेल्या रशिदा तलेब यांनी शेजारचा बारावा मतदारसंघ निवडला. तेरावी जागा मोकळी झाली.

आता इथली रीत सांगायला हवी, कारण सगळी मेख तिथेच आहे.

आपल्याकडे उमेदवारी कुणाला, हे पक्ष ठरवतो. तिकिटासाठी मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या होतात, रात्री उशिरा यादी येते, सकाळी कुणी बंडखोरी करतं. अमेरिकेत तिकीट मतदार देतात. पक्षांतर्गत मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. मिशिगनमध्ये मतदाराला पक्षाची नोंदणी करावी लागत नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात, मात्र खुणा एकाच रकान्यात करायच्या. ज्याला सर्वांत जास्त मतं, त्याला तिकीट. पन्नास टक्क्यांची अट नाही, दुसरी फेरी नाही. तेरावा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला आहे. ऑगस्टमध्ये ज्याला तिकीट मिळालं, त्याने नोव्हेंबरचा गुलाल आधीच आणून ठेवावा.

२ ऑगस्ट २०२२. डेमोक्रॅटिक रकान्यात नऊ नावं. त्यातले ठाणेदार सोडून बहुतेक जण कृष्णवर्णीय. राज्याच्या वरच्या सभागृहाचे, म्हणजे सिनेटचे, सदस्य ॲडम हॉलियर होते, वकील पोर्शिया रॉबरसन होत्या, जॉन कॉन्यर्स यांचे चिरंजीवही होते. मतविभागणीचा धोका सगळ्यांना दिसत होता. डेट्रॉइट ज्यात येतं त्या वेन काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, प्रमुख वॉरन एव्हान्स यांच्या पुढाकाराने ज्येष्ठांची समिती बसली. एकच नाव पुढे करू, असं ठरलं आणि हॉलियर यांचं नाव निघालं. बाकीच्यांनी माघार घ्यावी, ही अपेक्षा. महाराष्ट्रात ज्याने एक जरी निवडणूक जवळून पाहिली असेल, त्याला पुढचं सांगायला नको. बसायला फारसं कुणी तयार नव्हतं.

पैसाही आला. इस्रायल समर्थक गटाशी जोडलेल्या एका निधीने हॉलियर यांच्यासाठी ४० लाख डॉलरहून जास्त खर्च केले. ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर घातले. निकाल लागला: ठाणेदार २८ टक्क्यांच्या आसपास, हॉलियर २४च्या आत, रॉबरसन सुमारे १७. चारातल्या जवळपास तीन मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. नोव्हेंबरमध्ये ठाणेदारांनी रिपब्लिकन मार्टेल बिव्हिंग्ज यांना मोठ्या फरकाने हरवलं. २०२३च्या जानेवारीत नव्या काँग्रेसने शपथ घेतली, तेव्हा डेट्रॉइटमधून गेलेला एकही कृष्णवर्णीय खासदार तिथे नव्हता. १९५५नंतर पहिल्यांदाच.

(पडद्यावर: बेळगाव. सकाळची बाजारपेठ, मराठी आणि कन्नड पाट्या.)

इकडे आपल्याकडे पेढे वाटले गेले आणि वाटायलाच हवे होते. या माणसाचा प्रवास साधा नाही. मोठं कुटुंब, वडील कोर्टात कारकून. ते निवृत्त झाले तेव्हा श्री चौदा वर्षांचे होते, घर चालवायला हातभार लावणं आलं. अठराव्या वर्षी रसायनशास्त्राची पदवी. मग मुंबई विद्यापीठ आणि भाभा अणुसंशोधन केंद्र. १९७९मध्ये ओहायोतल्या ॲक्रन विद्यापीठात गेले, तिथे डॉक्टरेट. पुढे ७५ हजार डॉलरना एक छोटी प्रयोगशाळा विकत घेऊन तिचा मोठा उद्योग केला. २०१०मध्ये तो कर्जात बुडाला. पंचावन्नाव्या वर्षी मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये पुन्हा शून्यातून कंपनी काढली आणि तीही मोठी केली. २०१८मध्ये स्वतःचे कोटभर डॉलर खर्चून राज्यपालपदाच्या प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. खचले नाहीत. डेट्रॉइटला राहायला गेले आणि २०२०मध्ये राज्य विधानसभेत पोचले. त्यांचं मराठी आत्मचरित्र महाराष्ट्रात घराघरांत वाचलं गेलंय.

पण बेळगावच्या माणसाला डेट्रॉइटचं दुःख कळायला अवघड जाऊ नये. ठाणेदार जन्मले तेव्हा चिकोडी मुंबई राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ला रेष बदलली आणि चंदगड तालुका वगळता सगळा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. माणसं जागची हलली नाहीत, राज्य हललं. त्यानंतर सीमाभागातल्या मराठी माणसाने एक गोष्ट जिवापाड जपली: विधानसभेत आपल्या भाषेत आपलं गाऱ्हाणं मांडणारा आपला आमदार. २०१३मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते. २०१८मध्ये एकही नाही, २०२३मध्येही नाही. तिथेही कारणांची चर्चा झाली, ती याच शब्दांत: फूट, मतविभागणी, माघार न घेणारे उमेदवार. कुणी म्हणेल, आमदार कुठल्याही भाषेचा असो, रस्ते तर करतो ना? खानापूरच्या म्हाताऱ्याला हे पटत नाही. डेट्रॉइटच्या चर्चमधल्या आजीलाही पटत नसेल, तर मला ती संकुचित वाटत नाही.

(पडद्यावर: सह्यांचे कागद, पेनने खोडलेल्या ओळी.)

२०२४मध्ये हॉलियर पुन्हा उभे राहिले. यावेळी समोरासमोर लढत होईल, असं वाटत होतं. पण मिशिगनमध्ये उमेदवारी अर्जाला मतदारांच्या किमान १,००० वैध सह्या लागतात. लोकसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा. इथे हजार, आणि त्या गोळा करायला बरेचदा पैसे देऊन माणसं लावली जातात. २०२२मध्ये याच खोट्या सह्यांच्या घोळात राज्यपालपदाचे पाच रिपब्लिकन इच्छुक बाद झाले होते. ठाणेदारांच्या बाजूने आक्षेप घेतला गेला, पडताळणीत हॉलियर यांच्या वैध सह्या हजाराच्या खाली आल्या आणि अर्ज बाद झाला. नियमात जे बसत होतं ते झालं, पण मतदारासमोरचा एक पर्याय टेबलावरच संपला. नगरसेविका मेरी वॉटर्स यांना हरवून ठाणेदार पुन्हा जिंकले, यावेळी निम्म्याहून जास्त मतं घेऊन.

आता २०२६. प्रायमरी ४ ऑगस्टला. राज्यात इतरत्रही धावपळ आहे. अकराव्याच्या खासदार हेली स्टीव्हन्स वॉशिंग्टनच्या सिनेटकडे निघाल्या, दहाव्याचे जॉन जेम्स राज्यपालपदाकडे, म्हणून दोन्ही जागांवर नवी गर्दी आहे. सातव्यात तर दोन्ही पक्षांचा जीव टांगणीला. या जागांचा निकाल नोव्हेंबरमध्ये लागेल. तेराव्याचा ऑगस्टमध्येच.

ठाणेदारांसमोर उभे ठाकलेत डॉनव्हन मॅकिनी. डेट्रॉइटमध्येच वाढलेले, कामगार संघटनेत काम केलेले, २०२२मध्ये राज्य विधानसभेत निवडून आलेले कृष्णवर्णीय तरुण. पक्षाच्या डाव्या गटाने त्यांना २०२५च्या एप्रिलमध्येच पुढे केलं. डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांनी पाठिंबा दिला, आणि शेजारच्या खासदार रशिदा तलेब यांनीही, स्वतःच्या सहकाऱ्याच्या विरोधात. त्याच एप्रिलमध्ये ठाणेदारांनी अध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचे सात आरोप दाखल केले. मे महिन्यात त्यावर मतदान घ्यायला लावणार होते, पण स्वपक्षातूनच विरोध झाला आणि त्यांनी पाऊल मागे घेतलं. विरोधक याला प्रायमरीची तयारी म्हणतात, ठाणेदार कर्तव्य म्हणतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की वर्षभर आधीच त्यांना डेट्रॉइटच्या मतदाराकडे पाहून बोलावं लागलं. आव्हान नसतं, तर लागलं असतं का?

(पडद्यावर: शाळेचं सभागृह. टेबलं मांडली जातायत, दारावर बाण लावलाय.)

४ ऑगस्टला सकाळी सातला मतदान केंद्रं उघडतील. चिकोडीत तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतील. रात्री आठला डेट्रॉइटची दारं बंद होतील. बेळगावात तेव्हा ५ ऑगस्ट उजाडत असेल, पहाटेचे साडेपाच.