होडीचे दिवे आणि त्यांचा कोन

मंडळी, नारळी पौर्णिमा तोंडावर आलीय आणि होड्या अजून वर ओढलेल्या आहेत, म्हणून आजच बोलून घेतो. एकदा हंगाम सुरू झाला की दिव्यांकडे बघायला सवड कोणाला?

दुकानात आपला पहिला प्रश्न असतो, "उजेड किती पडतो?" अहो, हा दिवा आपल्याला वाट दाखवायला नाहीच. लांबच्या जहाजावरच्या माणसाने अंधारात तो बघून ओळखायचं, की ही होडी कुठे तोंड करून चाललीय. तांबडा दिसला तर आपली डावी बाजू, हिरवा दिसला तर उजवी. दोन्ही एकदम दिसले, तर आपण सरळ त्याच्याकडेच येतोय.

समुद्रात टक्कर टाळण्याचे हे नियम १९७२ चे, आंतरराष्ट्रीय, १९७७ पासून लागू. १२ मीटरच्या आतल्या इंजिनवाल्या होडीला बाजूचे दोन रंगीत दिवे आणि चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. रंगीत दिवे एका सागरी मैलावरून दिसले पाहिजेत, पांढरा दोन मैलांवरून. होडी ७ मीटरच्या आत आणि वेग ७ नॉटच्या (ताशी ७ सागरी मैलांच्या) आत असेल तर नुसता पांढराही चालतो, पण जमत असेल तर रंगीत लावाच, असं नियमातच आहे. वल्ह्यावरच्या होडीत निदान टॉर्च हाताशी हवा. जाळं टाकल्यावरचे दिवे वेगळे, ट्रॉलरचे आणखी वेगळे. त्यात आज शिरत नाही.

आता कोन. बाजूचा दिवा बरोबर नाकासमोरून सुरू होऊन होडीला काटकोनात जाणाऱ्या आडव्या रेषेच्या मागे साडेबावीस अंशांपर्यंत दिसायला हवा, म्हणजे एकूण ११२.५ अंश. महागडा दिवा आणून आपण तो नाळेजवळच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळच्या फळीवर चिकटवतो आणि तिथेच फसतो. होडी पुढे निमुळती होत जाते, तशी फळीही आत वळते. तिच्यावर दिवा सपाट बसवला की त्याचं तोंड पुढे फिरतं. डावीकडचा तांबडा मधली रेषा ओलांडून उजवीकडच्यालाही दिसायला लागतो.

माझ्याच होडीवर हे झालं होतं. शेजारच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, सकाळी जेट्टीवर भेटला नि म्हणाला, "काल रात्री सारखा अंगावर का येत होतास रे?" मी तर त्याच्या बाजूने निघून चाललो होतो! तेव्हापासून दिव्यामागे लाकडाची पाचर देतो आणि दिव्याची पुढची रेषा होडीच्या मधल्या रेषेला समांतर करून घेतो.

तपासणी फुकट आहे. अंधार पडल्यावर होडीच्या बऱ्याच पुढे, बरोबर समोर, होडीकडे तोंड करून उभे राहा. दोन्ही रंग दिसतील. तिथून दोन-चार पावलं डावीकडे गेलात तर फक्त हिरवा उरला पाहिजे, उजवीकडे गेलात तर फक्त तांबडा. मागची हद्द बघायला दिव्यापासून सरळ आडवं ५ मीटर मोजा, तिथून मागे साधारण २ मीटर. दिवा त्या खुणेच्या आसपास मावळला पाहिजे.

पांढरा दिवा रंगीत दिव्यांपेक्षा किमान एक मीटर उंच, काठीवर घ्या. छपराच्या आड गेला किंवा उभ्या माणसाच्या डोक्यामागे लपला, तर तो चहूबाजूंनी दिसणारा राहिलाच कुठे? आणि त्या रंगीबेरंगी लुकलुकणाऱ्या माळा! दिसतात छान, पण खरे दिवे त्यांच्यात हरवतात.

वायर बारीक घेऊ नका. साध्या बल्बला १२ व्होल्टचे दहा टक्के कमी पोचले, तर उजेड तीसेक टक्क्यांनी पडतो. एलईडी घेणार असाल तर रंगीत काच मूळ बल्बसाठी बनवलेली आहे का, ते बघा. तसल्या हिरव्या काचेमागे पांढरी एलईडी निळसर दिसू शकते. शिवाय दिवे लावून व्हीएचएफ, म्हणजे होडीवरचा बोलायचा रेडिओ, ऐका. हलक्या एलईडीने खरखर वाढते.

बरं, टेप आणि खडू मी आणलाय. बाहेर काळोख पडलाय. पहिली होडी कोणाची बघायची?