पकच्या मागे पळायचं नाही

आता हे बघा, पक, म्हणजे बॉलच्या जागी असते ती रबरी चकती, गेलाय आपल्या कोपऱ्यात, समोरच्या टीमकडे, आणि पहिल्यांदा आइस हॉकी बघणाऱ्याला वाटणार की पाचही जणांनी तिकडं तुटून पडावं, तर तेच करायचं नसतं. बर्फावरच्या निळ्या रेषेपासून, म्हणजे ब्लू लाइनपासून, मागच्या बोर्डपर्यंत, म्हणजे कडेच्या भिंतीपर्यंत, ७५ फूट म्हणजे आपला झोन, त्यात पकवाल्याला एकच डिफेन्समन भिडतो, सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, जरा अलीकडे मदतीला, दुसरा डिफेन्समन गोलसमोरून हलत नाही आणि दोन्ही विंगर, म्हणजे कडेचे फॉरवर्ड, वर ब्लू लाइनकडे, पॉइंटवर नजर ठेवून, म्हणजे समोरच्यांचे डिफेन्समन जिथून लांबून शॉट मारतात तिथं. पक गोलच्या मागून पलीकडच्या कोपऱ्यात गेला की सगळे तिकडं सरकतात, पण मधली जागा, स्लॉट, ती मोकळी सोडायची नाही.

NHL, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग, तिथल्या २०११-१२ च्या न्यूयॉर्क रेंजर्सनी हे अजून ताणलं. कोच जॉन टॉर्टोरेला. विंगरपण खाली ओढले, पाचही जण गोलभोवती गोळा, लांबून मारायचं तर मारा, आम्ही मध्ये आडवे पडतो! आणि खरंच पडायचे, डॅन जिरार्डी काय, रायन मॅकडोना काय, १७० ग्रॅमचा टणक रबरी पक ताशी १४० किलोमीटरच्या वर येतोय आणि हे अंगावर घेतायत. बघायला फार मजा नव्हती, खरं सांगायचं तर, पण ५१ मॅच जिंकल्या, १०९ गुण, ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगच्या पूर्वेकडच्या अर्ध्या गटात, पहिले, आणि गोली, म्हणजे गोलकीपर, हेन्रिक लुंडक्विस्टला वेझिना ट्रॉफी, सर्वोत्तम गोलीला मिळते ती.

पण याची किंमत असते. एवढी गर्दी केली की पक अंगांना, काठ्यांना, स्केट्सना लागून कुठंही उडतो आणि आपल्याच गोलीला दिसत नाही.

२५ मे २०१२, नेवार्क. कॉन्फरन्स फायनलची सहावी मॅच, न्यू जर्सी डेव्हिल्स सिरीजमध्ये ३-२ ने पुढे, चार जिंकल्या की सिरीज त्यांची. रेंजर्स ०-२ वरून २-२ वर आलेत आणि ओव्हरटाइम लागलाय, आता जो पहिला गोल करेल तो जिंकला. पक लुंडक्विस्टच्या पायांशी सुटा पडलाय, त्याला सापडत नाहीये, डेव्हिल्सच्या काठ्या तो टोचतायत, आजूबाजूला रेंजर्सची माणसं आहेत, हवी तिथंच आहेत, अगदी क्रीजपाशी, म्हणजे गोलसमोरच्या गोलीच्या जागेपाशी, आणि त्या गर्दीतून डेव्हिल्सचा अॅडम हेन्रिक पक आत ढकलतो. ओव्हरटाइमचे ६३ सेकंद झाले होते.