कोबीतल्या अळीची गोष्ट

सकाळची कोल्हापूरची कपिलतीर्थ मंडई. कोबीचे गड्डे रचले जातायत, कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारलं जातंय.

धडधाकट माणसाला अचानक फीट आली की कुणीतरी म्हणतंच, "कोबीतली अळी मेंदूत गेली." कोबी पोखरणारी ती हिरवी अळी पतंगाची. तिचा मेंदूशी काही संबंध नाही. मेंदूत पोचते ती डुकराच्या फीतकृमीची, म्हणजे फितीसारख्या लांब जंताची अळी.

"आमच्या घरात माळ आहे, मग आम्हाला कसं झालं?" असं विचारणारी माणसं भेटतात. प्रश्न रास्त आहे. हा कृमी वाढतो अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लेल्याच्या आतड्यात. पण त्याची अंडी शौचावाटे मातीत, पाण्यात जातात आणि तिथून कोशिंबिरीच्या ताटात, न धुतलेल्या हातावर येतात. पोटात गेली की अळी रक्तातून मेंदू गाठते, पाण्याच्या फोडासारखी गाठ करून वर्षानुवर्षं गुपचूप बसते. ती मरायला लागली की भोवती सूज चढते आणि माणूस झटके देऊन पडतो.

१९६१ साली इंग्लंडमध्ये अशा ४५० रुग्णांचा अभ्यास छापला गेला. बहुतेक जण हिंदुस्थानात राहून गेलेले सैनिक. कित्येकांना त्रास सुरू झाला तो मायदेशी परतल्यावर काही वर्षांनी.

आणि मन? ब्राझीलमध्ये १९९७ साली अशा ३८ रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून जास्त जण नैराश्यात होते. काहींना भास होत होते. यात गाठीचा वाटा किती आणि फीटच्या धास्तीचा, लोकांच्या नजरांचा किती, हे वेगळं काढणं अवघड. पण घरातलं माणूस एकाएकी बदललं, त्यात फीटही आली, तर कांदा हुंगवण्यात आणि देवऋष्याकडे फेऱ्या मारण्यात वाया जाणारे महिने माझ्या जिवाला लागतात. एका स्कॅनमध्ये गाठ दिसू शकते.

मांजरांमधून पसरणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीचाही मनाच्या आजाराशी संबंध जोडतात, पण त्याचं तसं नाही. स्किझोफ्रेनिया या भास-भ्रमांच्या मानसिक आजाराच्या रुग्णांत त्याच्या खुणा जास्त आढळतात खऱ्या, पण न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या २०१६ सालच्या अभ्यासात ठोस संबंध फारसा सापडला नाही. मांजर घराबाहेर काढण्याइतका पुरावा नाही.

फीतकृमीवर औषध आहे, अल्बेंडाझोल. शाळेत जंताची म्हणून देतात तीच गोळी. मात्र मेंदूतली अळी मरताना सूज वाढते, म्हणून सोबत स्टिरॉइड लागतं, फीटचं औषध लागतं. दुकानातून आणून परस्पर घेऊ नका. आणि घरातल्या इतरांचीही शौचतपासणी करून घ्या. पोटात कृमी बाळगणाऱ्याला बऱ्याचदा काहीच होत नसतं, आणि घरचा स्वयंपाक कदाचित तोच करत असतो.