गवत, दूध आणि मुलांचा गळा

[गंगावेश, दूध कट्टा. म्हशीची धार, ग्लासात चढणारा फेस.]

कोल्हापूरच्या गंगावेशीतला दूध कट्टा. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात आणि ग्लास पोराच्या हातात. कासेपासून ओठांपर्यंत मिनिटाचंही अंतर नाही. कॅमेरा इथे आणला तो या अंतरासाठी. चेर्नोबिलच्या मुलांपर्यंत विष पोचलं ते मुख्यतः दुधाच्या वाटेनं.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

26 एप्रिल 1986. सोव्हिएत युक्रेन. रात्री 1 वाजून 23 मिनिटांनी चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. साधारण दहा दिवस ती धुमसत राहिली. त्या धुरात किरणोत्सारी आयोडीन-131 होतं. वाऱ्यानं ते बेलारूसपर्यंत नेलं, पावसानं खाली उतरवलं आणि ते गवतावर बसलं.

[करवीर तालुका. गोठा, ओल्या वैरणीचा भारा, रवंथ करणारी म्हैस.]

जनावर दिवसभर चरतं. कितीतरी मोठ्या रानावर पसरलेलं आयोडीन एका पोटात गोळा होतं आणि दुसऱ्या दिवशीच्या धारेत उतरतं. दूध उकळा, साय काढा, ते जात नाही. वास नाही, चव बदलत नाही. दूध संस्थेतलं फॅटचं मशीनही नेहमीचाच आकडा दाखवेल.

[शाळेच्या पटांगणातली मुलं. गळ्याचा जवळून शॉट.]

गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला आयोडीन लागतंच. साधं कुठलं, किरणोत्सारी कुठलं, हे तिला कळत नाही. मोठ्या माणसाची ही ग्रंथी 15-20 ग्रॅमची, पाच वर्षांच्या मुलाची जेमतेम 3-4 ग्रॅमची. त्यात दूध जास्त पिणार मूलच. म्हणजे तेवढ्याच आयोडीनचा मारा इवल्याशा ग्रंथीवर कितीतरी पट. शिवाय त्या भागातल्या जेवणात आधीपासूनच आयोडीन कमी. भुकेल्या ग्रंथीनं मिळेल ते ओढून घेतलं.

आयोडीन-131 दर आठ दिवसांनी निम्मं होतं. दोन-अडीच महिने ताजं दूध मुलांपासून लांब ठेवलं असतं, तरी पुष्कळ टळलं असतं. अणुभट्टीशेजारचं प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामं केलं. खेड्यांतली मुलं मात्र घरच्या गाईचं दूध पीत राहिली, कारण वेळेवर कुणी सांगितलंच नाही.

शेजारच्या पोलंडनं मॉस्कोच्या खुलाशाची वाट पाहिली नाही. 29 एप्रिलपासून तिथे मुलांना साध्या आयोडीनचं औषध पाजायला सुरुवात झाली. एक कोटीहून जास्त मुलांना ते मिळालं. ग्रंथी आधीच भरलेली असली की किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही. पण हे औषध वेळेत हवं, दिवस उलटल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे गुरांची ओली वैरण थांबवली आणि लहानांना पावडरचं दूध दिलं.

[सोनोग्राफीची खोली. पडदा.]

बेलारूस, युक्रेन आणि रशियाचा बाधित भाग मिळून, त्या वेळी अठरा वर्षांखालच्या सहा हजारांहून जास्त जणांना 2005 पर्यंत थायरॉईडचा कॅन्सर झाला. त्यातला मोठा वाटा दूषित दुधाचा, असं संयुक्त राष्ट्रांची वैज्ञानिक समिती सांगते. पंधरा जण गेले. बाकी बहुतेक वाचले. गळ्यावर टाक्यांचा वण आणि रोजची गोळी, जन्मभर.

[संध्याकाळ. दूध संस्था, कॅनची रांग.]

जैतापूर इथून सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटर. तिथला अणुऊर्जा प्रकल्प उभा राहिलेला नाही, पण कर्नाटकातलं कैगा अणुऊर्जा केंद्र 2000 सालापासून चालू आहे. पावसाळी वारा तर समुद्राकडूनच घाट चढून येतो. उद्या काही झालंच, तर जिल्हा कचेरीतून पहिला फोन दूध संस्थेच्या सचिवांना यायला हवा, कारण सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव तिथे दूध घालायला येतं. जनावरं गोठ्यात घ्या, ओली वैरण बंद करा, साठवलेला कडबा घाला, मुलांना आधीच्या साठ्यातल्या पावडरचं दूध द्या. एवढा मजकूर संस्थेच्या भिंतीवर, दराच्या तक्त्याशेजारी, याच महिन्यात लावता येईल.