खडूनं आखलेलं घर

(माहितीपटाचं निवेदन. दृश्य : वागळे इस्टेट, ठाणे. सकाळ. चढावरची गल्ली, दाराशी निळे पिंप.)

१९६२ साली एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत इथे उभी राहिली. कारखान्यांना कामगार हवे होते. ते राहणार कुठे, हा हिशेब कुणी मांडला नाही. मग घरं येऊरच्या डोंगराकडे सरकत गेली. आधी पत्रा, मग विटा, मग वर माळा. पुढे बरेच कारखाने गेले, काचेची ऑफिसं आली. वस्ती आहे तिथेच आहे.

(दृश्य : ताई. खांद्याला झोळी, हातात फाइल.)

या ताई एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून घरहक्काच्या कामात आल्या. मोर्चे काढायचे, असं वाटलं होतं. मोर्चे निघतातही, पण दिवस जातो कागदांत. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घरासाठी १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्यांना घर मिळतं, पण पैसे भरून. कोण पात्र, हे ठरतं ‘परिशिष्ट-२’ नावाच्या यादीत. वस्तीत अगदी शाळकरी पोरांनाही हा शब्द पाठ आहे.

आजी दुधाची धुतलेली पिशवी उघडतात. लाइट बिलावर नवऱ्याचं नाव, मतदारयादीत आडनाव चुकलेलं, आधारवर जन्मसाल तिसरंच. ताई एकेक कागद मांडीवर सपाट करतात. वर माळ्यावर मुलगा-सून राहतात. माळ्याचा संसार सहसा यादीत धरत नाहीत.

“मग त्यांनी जायचं कुठं?” आजी विचारतात.

“आजी, माझ्याकडे उत्तर नाही.”

या धंद्यात आश्वासनं देणारे पैशाला पासरी. त्यामुळे हे वाक्य आम्ही कापलं नाही.

(दृश्य : शीळफाट्याचा रस्ता, संध्याकाळ.)

४ एप्रिल २०१३. शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. वर काम सुरू, खाली कुटुंबं राहायला आलेली. परवडणारं घर म्हणजे अनेकांसाठी तेच होतं. ताई तेव्हा कॉलेजात होत्या. “त्या दिवशी आयुष्य बदललं वगैरे नाही,” त्या म्हणतात. “जिना चढताना भिंतीकडे बघायची सवय लागली, एवढंच.” पगार बेताचा आहे. आई अजून म्हणते, सरकारी काहीतरी बघ.

(दृश्य : वस्तीतलं पटांगण, रविवार.)

वस्ती पाडून नवी इमारत बांधायला बिल्डरला रहिवाशांची संमतीपत्रं हवी आहेत. सह्या करण्याआधी ताईंनी टेप आणली आहे. नवं घर ३०० चौरस फूट, म्हणजे साधारण पंधरा बाय वीस. खडूनं चौकोन आखला जातो, त्यात मोरी, ओटा, दार. कुणी सांगितलेलं नसताना बायका चपला बाहेर काढून आत शिरतात.

“शिलाई मशीन कुठं मावणार?”

“खिडकी कुणीकडे? समोर दुसरी बिल्डिंग आली तर ऊन येईल का?”

“लिफ्ट बंद पडली तर बाराव्या मजल्यावर पाणी कोण चढवणार?”

शेवटच्या प्रश्नावर हशा पिकतो, मग सगळ्या गप्प होतात. लिफ्टचं बिल, पंपाचं बिल, टाकीची सफाई, दरमहा किती पडणार? ताई वही काढतात. शाश्वत विकास यावर ताईंनी कॉलेजात पेपर लिहिला होता. त्यात पंपाचं बिल नव्हतं.

आजी ओट्याची रेघ पायानं पुसतात. “इथं नको. इथून दार दिसत नाही.”

ताई पुन्हा टेप उलगडतात.