पाण्याची खूण सांगणारा पक्षी

(दृश्य: ढगांनी भरलेलं आकाश)

२४ डिसेंबर १९७१. पेरूची राजधानी लिमा इथून पुकाल्पाला निघालेलं विमान वादळात सापडलं. त्यावर वीज पडली आणि ते हवेतच फुटलं. १७ वर्षांची युलियाने क्योप्के आसनाला बांधलेल्या अवस्थेत सुमारे तीन किलोमीटर खाली, ॲमेझॉनच्या जंगलात कोसळली. विमानातल्या ९२ जणांपैकी ती एकटीच जिवंत परतली. शेजारी बसलेली तिची आई, पक्षिशास्त्रज्ञ मारिया क्योप्के, गेली.

ही हकीकत वाचणारे बहुतेक जण त्या पडण्यापाशीच थक्क होऊन थांबतात. मला मात्र पुढचे ११ दिवस सोडत नाहीत. पडून वाचणं तिच्या हातात नव्हतं. चालणं होतं.

हासळीचं हाड मोडलेलं, दंडाला जखम, चष्मा हरवलेला, पायात एकच सॅंडल. खायला गोड गोळ्यांची एक पिशवी. पण रान तिला नवं नव्हतं. आईवडिलांच्या पांग्वाना या जंगलातल्या संशोधन केंद्रात ती राहिली होती. झरा दिसला की वाहत्या पाण्याबरोबर चालायचं, पाणी माणसांपर्यंत नेतं, हे वडिलांनी सांगितलेलं. ती झऱ्यातूनच चालत राहिली.

चौथ्या दिवशी गिधाडांच्या आवाजावरून तिने ओळखलं, जवळ प्रेतं आहेत. एका बाईचे पाय दिसले. आई तर नसेल? तिने काठीने चाचपून पाहिलं. नखं रंगवलेली होती. आई कधीच नखं रंगवत नसे. ती पुढे निघाली. इथे मला पुस्तक मिटून थोडा वेळ बसावं लागलं.

मग होॲट्झिन पक्षी ओरडताना ऐकू आले. ते मोठ्या, उघड्या पाण्याकाठी घरटी करतात, हे तिला ठाऊक होतं. नदी जवळ आली होती.

(दृश्य: गोव्यातला सत्तरी तालुका, म्हादई नदीचं खोरं)

आमच्या सत्तरीत ओहोळाकाठी शीळकरी कस्तुर हा पक्षी गातो. कुणी माणूसच शीळ घालत चाललाय असं वाटतं. ती शीळ कानी आली की पाणी जवळ आहे, हे रानात वावरणाऱ्याला कळतं. आज वाळपईच्या किती मुलांना ती ओळखता येते? शाळेने वर्षातून एकदा तरी त्यांना जाणत्या आजोबांबरोबर रानात न्यावं, असं मला मनापासून वाटतं. आणि हेही सांगायलाच हवं: पावसाळ्यात आमच्या ओहोळांतून असं चालायला जाऊ नका. घाटात सर कोसळली की बघता बघता पाणी चढतं. युलियानेला मिळालेलं शिक्षण तिथल्या रानाचं होतं. इथल्या रानाचं शिक्षण इथलीच माणसं देतील.

(दृश्य: नदी, काठाला बांधलेली होडी)

दहाव्या दिवशी तिला एक बोट सापडली. जखमेत अळ्या झाल्या होत्या. वडिलांनी कुत्र्याच्या जखमेवर रॉकेल ओतलेलं तिला आठवलं. तिने इंजिनाचं इंधन जखमेत ओतलं आणि अळ्या एकेक करून काढल्या. बोट मात्र नेली नाही, कारण ती दुसऱ्याची होती. अशा अवस्थेतही! दुसऱ्या दिवशी लाकूडतोडे आले आणि ती त्यांच्या हाती लागली.

पुढे युलियाने यांनी जीवशास्त्रच निवडलं. पेरूच्या वर्षावनातल्या वटवाघळांवर १९८७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. वडिलांच्या निधनानंतर, २००० सालापासून, पांग्वानाची जबाबदारी त्यांनी घेतली. ज्या रानात आई गेली, तेच रान राखायला त्या पुन्हा पुन्हा तिथे जात राहिल्या.