ताईंच्या शेजारी बसून शिकायचे काम

(राष्ट्रीय सेवा योजनेच्या आणि गावोगावच्या युवक मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर झालेले व्याख्यान, संपादित)

मंडळी, 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात 14 वर्षांच्या एका मुलीचा निबंध छापून आला. तिचे नाव मुक्ता साळवे. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळेत ती शिकली, तीही अवघी तीन वर्षे. मांग-महारांच्या वाट्याला काय दुःख येते, ते तिने स्वतःच्या शब्दांत, थेट प्रश्न विचारत मांडले. तीन वर्षांच्या रोजच्या सहवासातून मुलगी स्वतः बोलू लागली. प्रेरणा मोजायचीच असेल तर मी ती या मापाने मोजेन.

आपण काय करतो? 8 मार्च आला की गावातल्या कर्तबगार बाईंना बोलावतो. शाल-श्रीफळ, तासभर भाषण, फोटो. मुलांना त्यांचे यश दिसते. ते कशातून आले, हे दिसत नाही. अर्ज कुठे अडला, सभेत कोण आडवे आले, तिसऱ्या खेपेला काम कसे झाले, हे व्यासपीठावरून सांगताच येत नाही. त्यासाठी शेजारी बसावे लागते.

महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. म्हणजे शिकवणारी माणसे तुमच्या तालुक्यातच आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास भरायचे असतात. त्यातले निम्मे एका महिला सरपंचांबरोबर किंवा सदस्यांबरोबर घालवा. एका ताईंमागे दोनच मुले ठेवा, फार तर तीन. वीस जण गेले की कार्यालयात बसायला जागा उरत नाही, ताई पाहुणचारात अडकतात आणि मुले सतरंज्या घालण्यापुरती उरतात.

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायच्या असतात. पहिल्या सभेला मुलांनी नुसते बघावे आणि लिहावे. नोटीस सात दिवस आधी लागली का? विषयपत्रिकेत काय होते आणि प्रत्यक्षात चर्चा कशावर झाली? गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसे खरोखर बसली होती, की सह्या नंतर घरोघरी जाऊन घेतल्या? ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा व्हायला हवी, तिथे मुलींनी हमखास बसावे. बायका तिथे मोकळेपणी पाण्याचे, दारूचे, शौचालयाचे बोलतात. तो विषय मोठ्या सभेत पोहोचेपर्यंत गळून पडतो. नेमका कुठे गळाला हे शोधणे, हा मुलांचा पहिला खरा अभ्यास.

दुसऱ्या सभेपर्यंत एक हिशेब मागून घ्या: पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च व्हायचे असतात, ते कशावर झाले? ताई हा आकडा कसा मागतात, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) टाळाटाळ करू लागले तर लेखी कसे घेतात, आवाज न चढवता पुन्हा कसे विचारतात, ते बघायला मिळते. कोणत्याही शिबिरात हे शिकवता येणार नाही.

एक धोका सांगतो. काही गावांत खुर्ची बाईंची आणि कारभार पतींचा असतो. मुले तिथे गेली तर नेमकी उलटी गोष्ट शिकून येतात. म्हणून आधी एक सभा बघून या. प्रश्नांना उत्तरे कोण देते ते पाहा आणि मगच मुलांना पाठवा.

आता जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुककडे येऊ. तिथल्या ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला. तो नाकारला गेला. त्यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली आणि 2 जानेवारी 2021 रोजी न्यायालयाने स्त्री म्हणून लढण्याची मुभा दिली. त्या लढल्या आणि निवडूनही आल्या. मुलांबरोबर या प्रकरणाचा अभ्यास करा. स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात मान्य केला होता. तो हक्क निवडणुकीच्या मोजक्या दिवसांत वापरायचा, तर अर्ज, नकाराचा लेखी आदेश आणि ओळखपत्रे हाताशी हवीत.

सगळे तृतीयपंथी नॉन-बायनरी नसतात, हेही इथे समजून घ्या. अंजलीताई स्वतःला स्त्री मानतात. कोणी स्वतःला स्त्रीही मानत नाही, पुरुषही नाही; ती नॉन-बायनरी व्यक्ती. अशा व्यक्तीला बोलावताना आपली मराठी अडते, कारण ‘आलो’ आणि ‘आले’ यांत ओळख उघड होते. आधी विचारा: ‘तुमच्याबद्दल कसं बोलू?’ पत्रिकेवर श्री. किंवा सौ. छापू नका. परिचय लिहिताना ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांचे’ वापरा. ‘यांनी वाचनालय उभे केले’ या वाक्यात स्त्री की पुरुष हे सांगावेच लागत नाही. ‘तुम्ही आलात’, ‘बोलतील’, ‘काम करतात’ हेही चालते. घसरण होते ती सूत्रसंचालकाच्या आयत्या वेळच्या वाक्यात, तेव्हा परिचय कागदावरून वाचा. समोर बसलेल्या, आपली ओळख अजून कोणाला न सांगितलेल्या एखाद्या मुलाच्या कानावर ते नीट पडते.

खर्चाचेही बघा. ताईंचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्या. मुलींना शेवटची एसटी मिळेल अशी वेळ ठरवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यापासून फक्त मुलगेच येतात.

आणि चौथ्या सभेला विषय मुलांनी मांडावा. 18 पूर्ण झालेल्या आणि गावच्या मतदारयादीत नाव असलेल्यांनी तो लेखी द्यावा, सभेत स्वतः उभे राहून बोलावे. ताईंनी त्या वेळी मध्ये पडू नये. ठराव झाला तर त्याचा क्रमांक लिहून घ्या आणि इतिवृत्ताची प्रत मागा. ठराव फेटाळला गेला, तर कारण इतिवृत्तात नोंदवायला सांगा. पुढच्या सभेची तयारी त्या कारणापासूनच करायची आहे.